झडपेला ‘संसर्ग’ की ‘लागण’?

भुसावळच्या एका ताईंनी विचारलंय: भाच्याच्या हृदयात जन्मतःच दोष, म्हणून कृत्रिम झडप बसवलेली. आता तिच्यावर जिवाणू वाढलेत. याला झडपेचा ‘संसर्ग’ म्हणावं की झडपेला ‘लागण’?

लागण! आणि कृपा करून ‘विषाणू’ म्हणू नका. प्रतिजैविकं चालतात ती जिवाणूंवर. या आजारात ती शिरेतून बहुधा ६ आठवडे द्यावी लागतात. बातम्यांमध्ये रोज हा घोळ वाचून डोकं उठतं.

संसर्ग म्हणजे सम् + सृज्, एकमेकांत मिसळणं. ऐकणाऱ्याला लगेच ‘संसर्गजन्य’ आठवतं आणि शेजारीण आपली पोरं दूर ठेवते. हा आजार तसा पसरत नाही. बऱ्याचदा रुग्णाच्याच तोंडातले किंवा कातडीवरचे जिवाणू रक्तात उतरतात आणि झडपेवर बसतात. म्हणून तर अशा रुग्णांना दात काढण्याआधी प्रतिजैविक देतात.

लागण आली ‘लग्’ धातूवरून. लग् म्हणजे चिकटणं, लग्न म्हणजे चिकटलेलं. पूर्व क्षितिजाला लागलेली रास ते लग्न. त्या मुहूर्तावर विवाह, म्हणून विवाहच लग्न झाला. प्राकृतात लग्ग, मराठीत लागणे. होडी किनाऱ्याला लागते, कलम लागतं. उसाची लागण आणि आपल्या रावेर-यावलकडची मृगबागेतल्या केळीची लागवड, दोन्ही त्याच मुळाची. झडपेवरही तेच घडतं: रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आणि फायब्रिनचा थर बसतो, त्यात जिवाणू रुजतात, वर कोंबासारखा गठ्ठा येतो. डॉक्टर त्या गठ्ठ्याला ‘व्हेजिटेशन’च (इंग्रजीत झाडोरा) म्हणतात! चिकटणं आणि उगवणं, दोन्ही एका लागणीत आहे.

‘लागण म्हणजे साथ’ असं बजावणारे कोशाचं एकच पान वाचतात. साथीच्या आधी चिकटणं आहे, आणि ते सोडून शब्दाचा निवाडा करणं मला मुळीच मान्य नाही. परिभाषावाले तर थेट ‘शोथ’ आणतात. शोथ म्हणजे सूज. धरणगावच्या आजीला त्यातून झडपेवर काय उगवलंय ते कसं कळावं?

माझं ऐकाल तर व्हेजिटेशनला ‘रुजवण’ म्हणा. ‘रुजवण सुटली’ म्हटलं की धोकाही कळतो: हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपेवरून सुटलेला तुकडा मेंदूत अडकू शकतो, उजव्या बाजूचा फुप्फुसात जातो.