‘नुसती घरीच असते’ असं पुन्हा लिहू नकोस

चि. पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वर लिहिलंयस, ‘मावशी, मी इथे नुसती घरीच असते, दिवस कुठे जातो कळत नाही.’ चार ओळी खाली लिहिलंयस, रात्री तीनला गाय अडली, वासराचे पाय धरून तूच ओढलेस, वार पडेपर्यंत गोठ्यात बसून राहिलीस. यातलं खरं कोणतं?

धीर देत बसत नाही. तो तुझ्यात आहे. एकच सांगते, वही कर आणि रोज लिही.

एव्हलिन कॅमेरॉन म्हणून एक बाई होती. लंडनजवळ स्ट्रेटहॅमला 1868 साली खात्यापित्या घरात जन्मली. 1889 मध्ये लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर शिकारीच्या सफरीला अमेरिकेत, पूर्व मोंटानात गेली, आणि पुढे दोघांनी टेरी गावाजवळ संसारच मांडला. बेत काय, तर पोलोचे घोडे वाढवायचे आणि इंग्लंडला विकायचे. तो पार बुडाला. मग हिने भाजीचा मळा केला, काउबॉयांना भाजी विकली, घरात पैसे देऊन राहणारे पाहुणे ठेवले. गाई पिळणं, लाकडं तोडणं, शिंगरांना वळण लावणं, वासरांना डाग देणं, सगळं हिच्याकडे. वर म्हणायची, असलंच काम मला आवडतं. मला हे वाचून आधी रागच आला होता.

नवरा पक्षी बघायचा. उगाच हिणवत नाही, खरा अभ्यासक होता तो. ‘द ऑक’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात त्याचे लेख यायचे. लेखाखाली नाव त्याचं, आणि ससाण्याच्या घरट्यापर्यंत कॅमेरा घेऊन चढायची ही. तुमच्याकडे डेअरीची पावती कुणाच्या नावाची निघते गं? बघ जरा.

कॅमेरा तिने 1894 मध्ये हाती घेतला. काचेच्या प्लेटांवर फोटो. मेंढ्यांची लोकर कातरणारे, नवे वसाहतवाले, त्यांच्या उघड्या माळावरच्या झोपड्या, सगळ्यांचे काढले आणि 25 सेंटांना एक असे विकले. स्वतःचाही काढला, कणीक मळताना. तो नक्की बघ. सणाच्या कपड्यातले फोटो आपल्याकडे ढिगाने आहेत. पिठाच्या हातांचा माझा एकही नाही.

आणि डायरी. 1893 पासून 1928 मध्ये मरेपर्यंत. मनातली खळबळ फारशी नाही त्यात. उठले कधी, हवा कशी, काय रांधलं, कोणतं काम उरकलं. रटाळ वाटेल तुला. वाटू दे. दुभागलेला घागरा घालून घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून ती माइल्स सिटीला गेली, तेव्हा तिला बजावलं होतं, रस्त्यात अशी फिरू नकोस, अटक होईल. घर ते गाव 48 मैल. अशा रपेटीहून आलेली बाई रात्री दिव्यापाशी बसून लिहिते, आणि तुला म्हणे वेळ नाही!

1915 मध्ये नवरा गेला. सगळ्यांना वाटलं असेल, आता ही माघारी जाणार. नाही गेली. एकटीने रँच चालवला, 1918 मध्ये तिथली नागरिक झाली. ती गेल्यावर काचा आणि वह्या टेरीतल्याच तिच्या मैत्रिणीच्या घरात, तळघरात, पन्नासएक वर्षं पडून होत्या. 1970 च्या दशकाच्या शेवटी त्या बाहेर आल्या. नवऱ्याच्या नावामागे कुणाचे हात राबत होते ते त्या वह्यांमुळे तारीखवार कळतं.

आमच्या खानावळीतही वही होती. कुणाची किती उधारी, किती खाडे, सगळं त्यात. मी पहाटे चारला उठून चाळीस जणांची कणीक तिंबत होते, हे कुठेच नाही. तुझे काका गेले, वाटण्या निघाल्या, आणि चार माणसांत ऐकलं, ‘वहिनी काय, घरात मदत करायच्या.’ मदत! दाखवायला माझ्याकडे कागदाचा कपटा नव्हता.

आता तू म्हणशील, मग तुम्ही का नाही लिहिलंत? वेळ नव्हता. एव्हलिनला पोरंबाळं नव्हती, मला तीन होती आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. ती शिकलेली, मी सातवी. लिहिताना कुणी बघितलं असतं तर हसले असते. कारणं खरी आहेत सगळी. पण बिलं लिहायला मला वेळ मिळायचाच की. जाऊ दे.

वही वाण्याकडची चालेल. मोबाइलमध्ये नको, तू दर वर्षी फोन बदलतेस. वासराच्या रात्रीपासूनच सुरू कर. गाय कधी अडली, डॉक्टरला फोन कधी केलास, चीक किती निघाला, कुणाला दिलास. पहिलं पान मला पाठव. आणि कालवड की गोऱ्हा, तेही लिहिलं नाहीस.

तुझी,
मावशी