ऑनर हॅरिंग्टन ही नौदल अधिकारी राजकारणात एवढी मोठी कशी झाली, आणि ते पटण्यासारखे आहे का?

आपण विचारले आहे की, डेव्हिड वेबर यांच्या कादंबरीमालिकेतील ऑनर हॅरिंग्टन ही साध्या घरातील अंतराळ-नौदल अधिकारी दोन राज्यांच्या बड्या सरदारांच्या पंक्तीला कशी जाऊन बसते, आणि केवळ लढाया जिंकल्यामुळे एखाद्याला इतके राजकीय वजन मिळणे पटते का. माझ्या मते तिचे वजन लढायांमुळे वाढतच नाही. प्रत्येक विजयाबरोबर तिला मायदेशात नवे शत्रू मिळतात. तिला तारून नेते ती परक्या राज्यात मिळालेली जहागीर, जी मायदेशातील कोणत्याही मंत्रिमंडळाला काढून घेता येत नाही. हे सविस्तर सांगताना कथानकातील बरेच काही उघड होईल, तेव्हा ज्यांना मालिका कोरी वाचायची आहे त्यांनी येथेच थांबावे.

आधी ती ज्या राज्याची नागरिक आहे त्याची घडण पाहावी लागते. मँटिकोर हे तीन वस्तीयोग्य ग्रहांचे, लहान पण अतिशय श्रीमंत राज्य आहे, कारण दूरच्या ताऱ्यांकडे क्षणात नेणाऱ्या मार्गांचे मोठे संगमस्थान त्याच्या ताब्यात आहे आणि तेथून जाणाऱ्या व्यापारावर त्याला जकात मिळते. राज्यावर राणी आहे, खाली लोकसभा आहे, वर उमरावसभा आहे. मात्र ही उमरावसभा आजच्या ब्रिटनमधल्यासारखी शोभेची नाही. पंतप्रधान उमरावांमधून येतो आणि राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या याच सभागृहाकडे आहेत. त्यामुळे तेथील एखाद्या लहानशा गटाच्या हाती मोजकी मते असली तरी तो सरकारला वेठीस धरू शकतो. हॅरिंग्टनच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक राजकीय संकट या एका व्यवस्थेतून निघते.

पहिली कादंबरी १९९३ साली आली. तीत हॅरिंग्टनच्या हलक्या क्रूझरवरची नेहमीची शस्त्रे काढून एका वजनदार ॲडमिरलच्या आवडीचे प्रायोगिक शस्त्र बसवलेले असते. सरावात ते एकदा यशस्वी ठरते आणि मग सपशेल फसते. फजिती झालेल्या वरिष्ठांना ती डोळ्यांसमोर नको असते, म्हणून तिची रवानगी बॅसिलिस्क या आडवळणाच्या ठाण्यावर होते. हे ठाणे राखावे की सोडून द्यावे यावर देशात पक्षीय भांडण चालू असल्यामुळे तेथे कोणीच मन लावून काम करत नाही. ती मात्र जकातीचे नियम अक्षरशः लागू करते, बड्या व्यापारी घराण्यांचा चोरटा माल पकडते आणि त्यातूनच शेजारच्या हेवन प्रजासत्ताकाचा ते ठाणे बळकावण्याचा कट तिच्या हाती लागतो. क्लाउस हॉप्टमन हा धनाढ्य जहाजमालक जातीने येऊन तिच्यावर दबाव आणू पाहतो, तो प्रसंग मला शेवटच्या लढाईपेक्षा अधिक आवडतो. तिच्या हाती येथे कोणताही राजकीय अधिकार नाही. कायद्याने दिलेले काम ती पुरे करते एवढेच, आणि तेवढ्यानेच सत्तेजवळची माणसे दुखावतात. तिला बढती आणि नवी युद्धनौका मिळते, पण तिचे शत्रूही येथेच तयार होतात.

त्यांतला सर्वांत घातक शत्रू मात्र जुना आहे. पावेल यंग हा उमरावपुत्र नौदल प्रबोधिनीत असताना तिच्यावर हात टाकू पाहतो. ती त्याला बडवून काढते, पण तक्रार करत नाही. पुढे हेवनशी युद्ध सुरू होताना हॅनकॉक ठाण्याजवळच्या लढाईत ॲडमिरल जखमी होतो आणि हॅरिंग्टन त्याच्या नावाने ताफ्याचे नेतृत्व चालू ठेवते. त्या वेळी यंग तिचा आदेश धुडकावून आपली नौका घेऊन पळ काढतो. शत्रूसमोरून पळून जाण्याला मृत्युदंड आहे. पण नेमके याच वेळी सरकारला युद्धाच्या अधिकृत घोषणेसाठी उमरावसभेत मते हवी असतात, आणि यंगच्या बापाचा स्नेही बॅरन हाय रिज याच्या प्रतिगामी गटाशिवाय ती जुळत नाहीत. लष्करी न्यायालयातही पक्षीय निष्ठा उतरतात, गंभीर आरोपांवर न्यायाधीशांमध्ये फूट पडते आणि यंग फक्त बडतर्फ होतो. निकाल ऐकताच त्याचा बाप मरण पावतो, आणि नौदलातून हाकललेला हा माणूस वारसाहक्काने उमरावसभेत जाऊन बसतो.

मालिकेतील सर्वांत खरे राजकारण मला या भागात दिसते. येथे कोणीही लाच घेत नाही, कोणी देशद्रोह करत नाही. पंतप्रधान क्रोमार्टी हा तर सज्जन माणूस आहे. युद्ध लढायचे तर मते हवीत आणि मते हवीत तर एका भित्र्या अधिकाऱ्याचा जीव वाचला पाहिजे, इतका तो रोखठोक हिशेब आहे. त्याची किंमत मात्र हॅरिंग्टनला भरावी लागते. यंग एका धंदेवाईक द्वंद्वखोराकरवी तिच्या प्रियकराला ठार करवतो. ती प्रथम त्या मारेकऱ्याला द्वंद्वात मारते, आणि तोंड लपवून बसलेल्या यंगला गाठण्यासाठी उमरावसभेतील आपल्या आसनाचा हक्क वापरून (ते तिला कसे मिळाले ते पुढे सांगतो) त्याला भर सभागृहात आव्हान देते. यंग द्वंद्वाचे नियम मोडून तिच्या पाठीत गोळी झाडतो, तरीही तिच्याच हातून मरतो. उमरावसभा तिला बाहेर काढते आणि नौदल तिला अर्ध्या पगारावर घरी बसवते.

अर्ध्या पगाराची ही पद्धत वेबर यांनी ब्रिटिश नौदलाच्या इतिहासातून घेतली आहे. अधिकाऱ्याला बडतर्फ करायचे नाही, त्याचा हुद्दाही काढायचा नाही, फक्त जहाज द्यायचे नाही. शांततेच्या काळात जहाजांपेक्षा अधिकारी जास्त झाले की ही सोय असे, पण नकोसा माणूस गाजावाजा न करता दूर ठेवायलाही ती उपयोगी पडे. पुढे प्रख्यात झालेल्या ॲडमिरल नेल्सनसारख्या माणसाने १७८८ ते १७९३ ही उमेदीची वर्षे नॉरफोकमधल्या आपल्या गावी अशीच काढली. एक डोळा आणि एक हात गमावलेली हॅरिंग्टन नेल्सनवर बेतली आहे हे उघडच आहे. तिच्या नावाची आद्याक्षरे होरेशिओ हॉर्नब्लोअर या दुसऱ्या काल्पनिक नाविकाशी जुळतात, हेही वाचकांच्या लक्षात येते. पण तिची राजकीय बाजू पाहताना मला नेल्सनपेक्षा टॉमस कॉक्रन अधिक आठवतो.

कॉक्रन हा नेल्सनच्याच काळातला धाडसी कप्तान आणि वेस्टमिन्स्टर मतदारसंघाचा खासदारही होता. १८०९ साली बास्क रोड्सच्या लढाईत आपल्या ॲडमिरलने कच खाल्ली असे त्याचे मत झाले, आणि त्या ॲडमिरलचे आभार मानणाऱ्या संसदेतील ठरावाला विरोध करण्याचा त्याने चंग बांधला. ॲडमिरल गँबियरने स्वतःवरच लष्करी चौकशी मागून घेतली, तीत तो निर्दोष ठरला आणि कॉक्रनच्या नौदलातील भवितव्यावर पाणी पडले. १८१४ साली शेअर बाजारातील फसवणुकीच्या खटल्यात तो दोषी ठरला. नौदल, संसद, सन्मान सगळे गेले. मग तो चिलीला गेला, तेथील नौदलाचा प्रमुख झाला, नंतर ब्राझीलकडे आणि पुढे ग्रीसकडे गेला. १८३२ साली त्याला माफी मिळून ब्रिटिश नौदलात परत घेण्यात आले. मायदेशाने नाकारलेला अधिकारी परक्या झेंड्याखाली मोठा होतो आणि मग मायदेशाला त्याला परत घ्यावे लागते, हा प्रवास हॅरिंग्टनच्या चौथ्या ते सहाव्या कादंबरीतील प्रवासाशी फार जुळतो.

फरक इतकाच की कॉक्रन परदेशात नोकर होता, आणि हॅरिंग्टन तेथे सत्ताधारी आहे. हा फरक ग्रेसन या ग्रहामुळे पडतो. ग्रेसनची माती जड धातूंनी विषारी झालेली आहे, समाज धार्मिक आणि कडवा पुरुषप्रधान आहे, स्त्रियांना मताधिकार नाही. दुसऱ्या कादंबरीत ती तेथे जाते, राज्यप्रमुख बेंजामिन मेह्यू याच्यावरील मारेकऱ्यांचा हल्ला उधळताना डोळा गमावते, आणि मग मसाडा या शेजारी शत्रूच्या हाती पडलेल्या हेवनच्या बलाढ्य युद्धनौकेपासून ग्रह वाचवते. मेह्यू तिला स्टेडहोल्डर करतो. स्टेडहोल्डर म्हणजे आपल्या मुलखात जवळजवळ राजाच. त्याला स्वतःचे सशस्त्र रक्षक असतात आणि स्टेडहोल्डरांच्या सभेत जागा असते. यात कृतज्ञता आहे, पण ती निम्मीच. मेह्यूला समाजात सुधारणा करायच्या आहेत, आणि त्या जुनाट सभेत एका स्त्रीला बसवायचे तर जिच्या उपकाराबद्दल कोणाला ब्र काढता येणार नाही अशी स्त्री त्याला हवी आहे. मँटिकोरची राणी एलिझाबेथही तिला काउंटेस करते, कारण मित्रराष्ट्राची एक सत्ताधीश आपल्या दरबारात सामान्य प्रजाजन म्हणून वावरणे शोभणारे नाही. म्हणजे मायदेशातील तिची पहिली सरदारकी ही ग्रेसनच्या जहागिरीची सावली आहे.

त्यामुळे अर्ध्या पगारावर आल्यावर ती ग्रेसनला जाते तेव्हा तेथे ती ॲडमिरल होते. शिवाय शहरे आणि शेते विषारी मातीपासून वाचवणारे घुमट बांधण्याच्या उद्योगात तिने पैसा घातलेला असतो. तिचे तेथील विरोधक युद्धाच्या मैदानात तिला हरवू शकत नाहीत, म्हणून ते घुमटाच्या बांधकामात घातपात करतात, मुले मरतात आणि दोष तिच्या नावावर येतो. राजकारणात आलेल्या सैनिकाला नेमके कोठे घायाळ करता येते हे वेबर यांनी या भागात फार अचूक ओळखले आहे. शेवटी मेह्यूच्या वतीने ती दोषी सरदाराशी तलवारीने लढते, हे मला जरा अतीच वाटले.

पुढचा लष्करी भाग मी भरभर सांगतो. मायदेशाचे नौदल तिला परत घेते, सिलेशिया या अंतराळ-प्रदेशात चाच्यांविरुद्ध पाठवते, पुढे ती हेवनच्या हाती सापडते. तिला फाशी दिल्याचे खोटे चित्रीकरण हेवन प्रसारित करते, आणि ती प्रत्यक्षात एक हात गमावून एका तुरुंगग्रहावरून प्रचंड संख्येने कैद्यांना सोडवून घेऊन येते. राजकीयदृष्ट्या यातली गंमत अशी की ती मेली असे समजून तिची काउंटेसची जहागीर चुलतभावाकडे गेलेली असते. ती परत काढून घेणे बरे दिसणार नाही, म्हणून राणी तिला थेट डचेस करते.

त्यानंतर दहाव्या कादंबरीत तिचे खरे संसदीय आयुष्य येते. क्रोमार्टीची हत्या झाल्यावर तोच हाय रिज पंतप्रधान होतो, जिंकत आलेले युद्ध थांबवतो, तह मात्र लांबवत ठेवतो. युद्धासाठी लावलेले कर त्याला चालू ठेवायचे आहेत, आणि नौदलावरचा खर्च मात्र छाटायचा आहे. हॅरिंग्टन आणि मँटिकोरचाच ॲडमिरल व्हाइट हेवन (या नावाचा शत्रूराष्ट्र हेवनशी संबंध नाही) हे दोघे उमरावसभेत विरोधी बाजूचे प्रमुख आवाज बनतात. त्यांच्या आकडेवारीला उत्तर देता येत नाही म्हणून सरकारची माणसे दोघांच्या अनैतिक संबंधांची अफवा उठवतात, आणि ती अफवा मोडून काढते व्हाइट हेवनची अपंग पत्नी एमिली. हॅरिंग्टन येथे वक्ता म्हणून चांगली आहे, पण राजकारणी म्हणून कच्चीच राहते. बदनामीला कसे तोंड द्यावे हे तिला कळत नाही, आणि आपल्या सचोटीची लोकांना खात्री आहे असे ती शेवटपर्यंत धरून चालते.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. तिची चढण पटते, पण तिचे विरोधक मला पुरेसे पटत नाहीत. यंग भित्रा आहे, हाय रिज लोभी आहे, उदारमतवादी पक्षाची माणसे भाबडी किंवा ढोंगी आहेत. ज्याचे म्हणणे हॅरिंग्टनच्या विरुद्ध असूनही बरोबर असावे असा मँटिकोरचा राजकारणी शोधावा लागतो. जकात, करवाढ, नौदलाचा खर्च यांवर प्रामाणिक मतभेद असू शकतात, हे लेखक क्वचितच मान्य करतो. कॉक्रनचे चरित्र याहून गुंतागुंतीचे आहे, कारण त्याच्या विरोधकांचे काही मुद्दे खरे होते आणि त्याचा स्वभाव त्याच्या अपयशाला बराच कारणीभूत होता.

शत्रूपक्षात मात्र वेबर यांनी हा समतोल साधला आहे. दुसऱ्या कादंबरीत टॉमस थाइसमन नावाचा हेवनचा एक अधिकारी तिच्यापुढे शरणागती पत्करतो आणि ती त्याला सन्मानाने वागवते. हाच थाइसमन पुढे आपल्या देशातील जुलमी राजवट उलथून टाकतो आणि नव्या राष्ट्राध्यक्ष एलोईझ प्रिचर्ट यांचा युद्धमंत्री होतो. अकराव्या कादंबरीतील मँटिकोरच्या महासंग्रामात ट्रॅफल्गरच्या लढाईत पडलेल्या नेल्सनप्रमाणे हॅरिंग्टनला मारायचे, असा वेबर यांचा मूळ बेत होता, आणि तो बदलल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. ती वाचल्यामुळे बाराव्या कादंबरीत राणीची दूत म्हणून ती हेवनच्या राजधानीत जाते. ज्यांची जहाजे तिने फोडली त्यांच्याशी ती तहाची बोलणी करते, आणि ते तिच्या शब्दावर विश्वास ठेवतात, कारण त्यांच्यातील कित्येकांनी तिचा शब्द रणांगणात पारखलेला असतो. वाटाघाटी अर्धवट राहतात, पण पुढे प्रिचर्ट स्वतः मँटिकोरला येतात आणि दोन्ही देश मित्र होतात. उमरावसभेत जे तिला कधी साधले नाही, ते येथे साधते.

केवळ राजकीय धागा वाचायचा असल्यास पहिल्या कादंबरीनंतर दुसरी, चौथी, पाचवी आणि दहावी वाचावी, आणि मग थेट बारावी हाती घ्यावी. चौथीआधी तिसरीचा शेवटचा भाग चाळला तर यंगचा खटला नीट समजेल.