दसऱ्याला नको, डिसेंबरात जा

मारुतीची ग्रँड विटारा किंवा टोयोटाची हायरायडर, त्यातही हायब्रिड (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी) गाडीच घ्यायची ठरलीय ना? मग दसरा-पाडव्याला शोरूमची पायरी चढू नका. मुहूर्ताला गिऱ्हाईक आपणहून येतं, सूट कोण देणार? डिसेंबरचा शेवटचा आठवडा बरा. फक्त फॉर्म २२ वर (गाडीसोबत येणारं कंपनीचं प्रमाणपत्र) उत्पादनाचा महिना बघा. जानेवारीत तीच गाडी कागदावर वर्षाने म्हातारी होते, त्याची सूट वेगळी मागा.

घासाघीस ऑन-रोडच्या, म्हणजे कर, विमा, नोंदणी सगळं धरून दिलेल्या कोटेशनवर करा. माझ्या कोटेशनमध्ये ‘हँडलिंग’ची, म्हणजे शोरूमने गाडी हाताळल्याच्या जादा आकाराची ओळ होती. पेनाने खोडली, सेल्समन नुसता हसला! विमा बाहेरून घेता येतो, तिथलं कोटेशन दाखवलं की यांचा आकडाही उतरतो. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच कापून घेतलेला कर) लागतो, तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता होतो, त्यावरून भांडू नका. वेटिंगवाल्या मॉडेलला मात्र रोख सूट विसरा, ॲक्सेसरीज मागा.