नगरपालिकेने रस्ते आणि फुटपाथच्या देखभालीबद्दल नागरिकांच्या सूचना मागवल्यात, काय लिहून द्यावं? काही फरक पडतो का?

भाऊ, फरक पडतो, पण नुसतं "रस्ते चांगले करा" लिहून दिलं तर नाही पडत. असल्या अर्जावर "नोंद घेतली" एवढा शेरा पडतो आणि फाईल कपाटात जाते. तुम्ही म्हणताय की तुमच्या तालुक्याच्या गावात खड्डा किती दिवसात बुजवायचा, फुटपाथ कसा असावा याचे नियम ठरवायला पालिकेने सूचना मागितल्यात. आपल्या खानदेशात असं फार कमी वेळा होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी डिप्लोमा सिव्हिल, जळगाव-धुळे पट्ट्यात रस्त्याच्या साईटवर सुपरवायझर म्हणून बरीच वर्षं काम केलंय.

एक गोष्ट धरून ठेवा, प्रत्येक सूचना अशी लिहा की उद्या टेप लावून नाहीतर कॅलेंडर बघून कोणालाही सांगता आलं पाहिजे की ती पाळली गेली का नाही.

सगळ्यात आधी रस्त्यांची यादी मागा, मालकासकट. तालुक्याच्या गावात मेन रोड बऱ्याचदा बांधकाम खात्याचा असतो, एखादा नॅशनल हायवेकडे, गावाबाहेर पडला की जिल्हा परिषदेचा, आणि खड्डा पडला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. यादीत रस्त्याचं नाव, कोणाचा आहे, शेवटचं काम कधी झालं, ठेकेदार कोण, डीएलपी कधी संपते एवढं असावं. डीएलपी म्हणजे दोष दायित्व कालावधी, त्यात रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने दुरुस्त करायचा असतो. लोकांना तारीखच माहीत नसते म्हणून तोच रस्ता परत पालिकेच्या खर्चाने होतो! प्रधानमंत्री ग्रामसडकच्या रस्त्यावर ५ वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच असते आणि तसा बोर्डही लागतो, तसाच बोर्ड गावातल्या रस्त्यांवर मागायला काय हरकत आहे?

खड्ड्यासाठी दिवस मागू नका, तास मागा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलंय की खड्डा नजरेस आणून दिल्यावर ४८ तासात त्याच्याकडे लक्ष दिलं पाहिजे, आणि खड्ड्यामुळे माणूस गेला तर वारसांना ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख भरपाई. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे कोर्टाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. हे सूचनेत लिहाच. आणि बुजवायचा कसा तेही लिहा, कारण पावसाळ्यात मुरूम टाकून मोकळं होतात, दोन सरीत त्याचा चिखल होतो आणि मोटरसायकलवाला घसरतो. खड्ड्याच्या कडा चौकोनी कापायच्या, आतली माती-पाणी काढायचं, डांबराचा हात मारायचा, मग मटेरियल भरून दाबायचं. भर पावसात चालणारं तयार पॅचिंग मिक्स मिळतं, त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचा वेगळा कोडच आहे, आयआरसी ११६.

आता आपल्या भागाचं खास दुखणं. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यात भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, वर रावेर-यावलकडून केळीचे भरलेले ट्रक. त्यामुळे पुण्या-मुंबईचे नियम जसेच्या तसे उचलून चालणार नाही. डांबराच्या ग्रेडचा आग्रह धरा. आयएस ७३ या डांबराच्या भारतीय मानकाप्रमाणे सात दिवसांचं सरासरी कमाल तापमान ४५ पर्यंत असेल तर व्हीजी-३०, त्याच्या वर गेलं तर व्हीजी-४० (आकडा मोठा तितकं डांबर घट्ट). कोणतं वापरलं त्याचं बिल आणि टेस्ट रिपोर्ट लोकांना बघायला मिळाला पाहिजे.

पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त रस्ते खोदकामाने मरतात. आधी पाण्याची लाईन, मग भुयारी गटार, मग केबल, आणि प्रत्येक वेळी चारी खोदून तीच काळी माती वर ढकलून देतात, पहिल्या पावसात चारी खचते आणि नवा कोरा रस्ता मधोमध बसतो. आमच्या कॉलनीत हेच झालं, वर्षभर रिक्षावाले आत यायला तयार नव्हते, गरोदर बायांना कोपऱ्यापर्यंत चालत न्यावं लागायचं. म्हणून लिहा की चारीत काळी माती परत भरायची नाही, मुरूम थराथराने टाकून प्रत्येक थर दाबायचा, खोदणाऱ्याचं डिपॉझिट एक पावसाळा उलटून चारी तपासल्याशिवाय परत द्यायचं नाही, आणि रस्ता करायच्या आधी सगळ्या खात्यांनी एकत्र बसून खाली काही टाकायचं राहिलंय का ते लेखी द्यायचं. बाकी काही नाही जमलं तरी एवढं नक्की द्या.

फुटपाथचं बोलायचं तर आयआरसी १०३ मध्ये आकडे आहेत, वस्तीत चालायला मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर, बाजारपेठेत २.५, डोक्यावर २.२ मीटर मोकळं, आणि कडेची उंची १५० मिमीपेक्षा जास्त नको. त्यातलं "मोकळी" महत्त्वाचं, म्हणजे डीपी, खांब, दुकानाची पायरी, गटारीवरचा तुटका ढापा हे सगळं सोडून उरेल ते मोजायचं. बाजाराच्या दिवशी खेड्यावरून डोक्यावर टोपली घेऊन आलेल्या आजीबाई विचारतात, "आम्हीन कथाईन चालानं भाऊ?" (आम्ही कुठून चालायचं?) याचं उत्तर त्या मसुद्यात असलं पाहिजे. नुसतं "अतिक्रमण हटवा" लिहू नका, हातगाडीवाल्याचंही पोट आहे आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर विक्रेता समितीच्या शिफारशीने पालिकेने जागा नेमून द्यायची असते, त्या जागा फुटपाथच्या मोकळ्या पट्ट्याबाहेर असाव्यात असं मागा. व्हीलचेअरसाठी उतार हा २०१६ च्या दिव्यांग कायद्याने हक्क आहे.

अर्ज आवक विभागात द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. फोटोत शेजारी पट्टी ठेवा म्हणजे खोली दिसते. शाळेच्या बाई, रिक्षा स्टँडवाले, दवाखान्यासमोरचे मेडिकलवाले यांना त्यांच्या त्यांच्या शब्दात वेगळे अर्ज द्यायला सांगा. कोणती सूचना घेतली, कोणती नाही आणि का, हे लेखी जाहीर करा अशी शेवटी ओळ टाका. नाही केलं तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं, आणि त्याच कायद्याच्या कलम २(ञ) ने कामाची पाहणी करून मटेरियलचा प्रमाणित नमुनाही मागता येतो, हे फार कमी जणांना माहीत असतं.

नोटिशीतला मसुदा हाताशी असेल तर टाका इथे, कोणत्या कलमाखाली काय लिहायचं ते बघून सांगतो.