उंच केलेली गाडी आणि भरकटणारे स्टिअरिंग

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच दुखण्याची आहेत. गाड्या वेगळ्या आणि लक्षणेही वेगळी आहेत, पण प्रत्येक ठिकाणी गाडी उंच करताना स्टिअरिंगच्या भूमितीचा विचार मागे राहून गेला आहे. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या दोन उत्तरांना त्याचा आधार लागेल.

प्रश्न : माझ्याकडे 2023 ची पाच दारांची जिम्नी आहे. शेताच्या वाटेवर गाडी खालून दगडांना घासत असे, म्हणून एका वर्कशॉपमधून 50 मिमी उंचीचे लिफ्ट किट, म्हणजे चार स्प्रिंगा आणि चार शॉक अॅब्सॉर्बर, बसवून घेतले. तेव्हापासून महामार्गावर ताशी 80 किलोमीटरच्या पुढे गाडी एका रेषेत राहत नाही आणि घाटात वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही. सुरुवातीला चाके सरळ असताना स्टिअरिंग वाकडे दिसत होते, तेव्हा वर्कशॉपने ते काढून सरळ बसवून दिले, आणि आता ईएसपीचा (गाडी घसरू नये म्हणून चाकांना आपोआप ब्रेक लावणाऱ्या प्रणालीचा) दिवा अधूनमधून लागतो. तीन वेळा व्हील अलाइनमेंट केले. कागदावर सगळे हिरवे येते, त्याची प्रत सोबत पाठवत आहे. (एक वाचक, वाई)

उत्तर : आपण पाठवलेला कागद नीट पाहिला. हिरवे आकडे आहेत ते टो (वरून पाहता चाके आत-बाहेर वळलेली असणे) आणि कँबर (समोरून पाहता चाक आत-बाहेर कललेले असणे) यांचे, तर कॅस्टरचा रकाना तिन्ही वेळा रिकामाच आहे. आपल्याकडील बहुतेक अलाइनमेंट केंद्रांवर टो जुळवून गाडी सोडून देतात, कारण रोजच्या मोटारींना तेवढे पुरते. कॅस्टर मोजायचा तर पुढची चाके फिरत्या ताटल्यांवर उभी करून दोन्ही बाजूंना ठरावीक अंशांत वळवावी लागतात आणि तेवढा वेळ कोणी देत नाही. आपल्या गाडीचे दुखणे मात्र नेमके त्या रिकाम्या रकान्यात आहे.

सायकलचा पुढचा चिमटा हँडलकडून चाकाकडे येताना पुढे कललेला असतो, आणि हात सोडूनही सायकल सरळ चालण्यात त्या कलाचा मोठा वाटा असतो. मोटारीचे पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते, त्या अक्षाचे वरचे टोक तसेच थोडे मागे झुकलेले असते, त्या झुकावाला कॅस्टर म्हणतात. झुकाव पुरेसा असला की गाडी स्वतःहून सरळ राहू पाहते आणि वळणानंतर स्टिअरिंग परत येते. तो संपला की चालकाला क्षणाक्षणाला स्टिअरिंग सावरत बसावे लागते.

जिम्नीला पुढे आणि मागे अखंड अॅक्सल, म्हणजे डावे-उजवे चाक जोडणारा एकच कणा, आहे. पुढचा अॅक्सल दोन लांब आर्मनी धरलेला असतो. हे आर्म चासीवर अॅक्सलच्या मागे जोडलेले असतात आणि तिथून पुढे येऊन अॅक्सलला दोन-दोन बुशांनी (रबरी कड्यांनी) घट्ट पकडतात. नव्या स्प्रिंगांनी चासी वर उचलली गेली की आर्मचे मागचे टोक वर जाते आणि पुढचे टोक तुलनेने खाली झुकते. अॅक्सल आर्मला पक्का बांधलेला असल्यामुळे तोही त्याच्याबरोबर पुढच्या बाजूला गोल फिरतो. आर्मची लांबी 80 सेंटिमीटर धरली, तर 50 मिमी उंचीमागे हे फिरणे साधारण साडेतीन अंशांचे होते. मुळात कॅस्टर काही मोजक्या अंशांचाच असतो, त्यातून साडेतीन वजा केल्यावर हातात काय उरते, ते आपण महामार्गावर अनुभवत आहातच.

हा कॅस्टर टो जुळवून परत येत नाही, अॅक्सल पुन्हा मागे फिरवावा लागतो, आणि त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे आर्मच्या अॅक्सलकडच्या टोकाला मध्यापासून सरकवलेल्या छिद्राचे बुश बसवणे. हा स्वस्त आहे, पण बुश प्रेसवर बसवताना त्याची दिशा जराशी चुकली तरी फायदा उणे होतो, शिवाय असे बुश बहुधा कडक असल्यामुळे खडकाळ वाटेवर अॅक्सलची लवचीकता कमी होते. दुसरा मार्ग चासीकडचे टोक खाली आणणारे ब्रॅकेट बसवण्याचा. त्याने कॅस्टर येतो, मात्र जो भाग दगडांपासून वाचवायला गाडी उंच केली, त्याच ठिकाणी एक नवा लोखंडी तुकडा खाली लोंबत राहतो. तिसरा मार्ग कोन दुरुस्त करून बनवलेले पूर्ण आर्म घेण्याचा. खर्च सर्वांत जास्त येतो, तरी 50 मिमीच्या लिफ्टला माझे मत याच मार्गाला आहे. खर्च नको असेल तर 30 मिमीच्या स्प्रिंगांवर परत यावे, वाईच्या आसपासच्या शेतवाटांना तेवढी उंची सहसा पुरते.

आता वाकड्या स्टिअरिंगविषयी, कारण खरी चूक तिथे झाली आहे. अॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून चासी आणि अॅक्सल यांच्यामध्ये आडवा पॅनहार्ड रॉड असतो. त्याचे एक टोक वर आणि दुसरे खाली असते. समजा, रॉड 90 सेंटिमीटर लांब आहे आणि त्याच्या दोन टोकांच्या उंचीत आधी 8 सेंटिमीटरचा फरक होता. लिफ्टनंतर तो फरक 13 सेंटिमीटर झाला, तर रॉडची आडवी पोच जवळजवळ 6 मिमीने घटते आणि अख्खा अॅक्सल तेवढा एका बाजूला ओढला जातो. स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकलाही असाच उतार येतो. या दोन्हींमुळे स्टिअरिंग वाकडे झाले होते. त्यावर उपाय म्हणजे लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड बसवून अॅक्सल मध्यावर आणणे आणि मग ड्रॅग लिंकची लांबी जुळवून स्टिअरिंग सरळ करणे. वर्कशॉपने ते सोडून स्टिअरिंग व्हीलच काढून दाते बदलून बसवले. म्हणजे घड्याळ मागे पडते म्हणून काटे तेवढे पुढे सरकवले.

याचे दोन तोटे झाले. जिम्नीचा स्टिअरिंग बॉक्स रिसर्क्युलेटिंग बॉल प्रकारचा आहे. असा बॉक्स बरोबर मध्यावर असताना त्यात सर्वांत कमी खेळ असतो आणि मध्यापासून दूर गेल्यावर खेळ वाढतो. आपली गाडी आता सरळ धावते तेव्हा बॉक्स मध्यावर नसतो, त्यामुळे आधीच कॅस्टर नसलेल्या गाडीत ढिलेपणाची भर पडली आहे, आणि डावीकडे व उजवीकडे स्टिअरिंगचे फेरेही सारखे राहिलेले नसणार. दुसरा तोटा ईएसपीचा. चालकाने स्टिअरिंग किती वळवले हे एक सेन्सर सांगतो आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे हे दुसरा सांगतो. दोघांच्या सांगण्यात मेळ बसला नाही की प्रणाली दिवा लावते. क्वचित नको त्या क्षणी एखाद्या चाकाचा ब्रेकही ती लावू शकते, म्हणून घाटात या दिव्याकडे दुर्लक्ष करू नये.

कामाचा क्रम पाळला नाही तर पैसे पुन्हा वाया जातील, म्हणून तो मेकॅनिकला आधीच सांगून ठेवावा. स्टिअरिंग व्हील मूळ खुणेवर परत बसवून घ्यावे. कॅस्टर दुरुस्त झाल्यावर पॅनहार्ड रॉडने अॅक्सल मध्यावर आणावा, म्हणजे दोन्ही पुढच्या चाकांपासून चासीपर्यंतचे अंतर सारखे भरेल. मग टाय रॉडने (दोन्ही पुढची चाके जोडणाऱ्या दांड्याने) टो, सर्वांत शेवटी ड्रॅग लिंकने स्टिअरिंग सरळ, आणि त्यानंतर स्कॅनर लावून सेन्सरचा शून्यबिंदू नव्याने नोंदवणे. ब्रेकच्या रबरी नळ्या अॅक्सल पूर्ण लोंबकळल्यावर ताणल्या जात नाहीत ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

एक बारीक गोष्ट जवळजवळ सगळीकडे चुकते. आर्म आणि पॅनहार्ड रॉड यांच्या बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असतानाच आवळून टाकतात. अशा वेळी रबर लोंबत्या स्थितीत पकडले जाते, गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. हे बोल्ट आधी हलके लावावेत, गाडी चाकांवर उभी करून दोन-चार वेळा दाबावी, आणि मगच पूर्ण आवळावेत.

प्रश्न : माझ्या नव्या पिढीच्या थारला पुढे दोन इंची स्पेसर (स्प्रिंगच्या वर बसणारे ठोकळे) टाकले आहेत. गाडी डावीकडे ओढते, पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड झिजली आहे आणि स्टिअरिंग पूर्ण वळवले की चाकाजवळून कटकट आवाज येतो. अलाइनमेंटवाला म्हणतो, यापुढे जुळत नाही. आरटीओची काही अडचण येईल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : 2020 पासूनच्या थारला पुढे अखंड अॅक्सल नाही. प्रत्येक चाकाला वर-खाली दोन विशबोन (त्रिकोणी आर्म) आहेत, म्हणून वरचे उत्तर आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाही. स्प्रिंग आणि शॉक यांची जोडी खालच्या विशबोनला अगदी टोकाशी न जोडता आतल्या बाजूला जोडलेली असते, त्यामुळे वर टाकलेल्या स्पेसरपेक्षा चाकापाशी मिळणारी उंची जास्त असते. जोड विशबोनच्या दोन-तृतीयांश लांबीवर आहे असे धरले, तर 50 मिमी उंचीसाठी सुमारे 33 मिमीचाच स्पेसर पुरतो. दोन इंची स्पेसर टाकून आपल्या गाडीला तीन इंचांची उंची दिली गेली असावी. टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर मोजावे आणि मूळ स्थितीतील एखाद्या थारशी ताडून पाहावे.

एवढ्या उंचीवर विशबोन खूप खाली झुकतात, कँबर आणि कॅस्टर दोन्ही बिघडतात आणि जुळवणीची जी काही सोय असते ती संपून जाते. अलाइनमेंटवाला खोटे बोलत नाही. बाहेरची कड झिजणे म्हणजे डावे चाक वरून बाहेर कललेले असणे, आणि गाडी अशाच चाकाच्या बाजूला ओढते. कटकट आवाज सीव्ही जॉइंटचा, म्हणजे वळलेल्या चाकालाही इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा आहे. तो त्याच्या सोसण्यापलीकडच्या कोनात फिरतो आहे, त्याचे रबरी बूट फाटले असतील तर या कोकणातल्या चिखलात जॉइंट फार दिवस टिकणार नाही. माझे मत स्पष्ट आहे : हे स्पेसर काढावेत. उंची हवीच असेल तर योग्य लांबीच्या स्प्रिंग-शॉकचा संच आणि त्याच्या जोडीला कोन दुरुस्त केलेले वरचे विशबोन घ्यावेत, आणि एकूण वाढ दीड इंचाच्या आत ठेवावी. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून डाव्या कडेला उतरते असतात, तेव्हा दुरुस्तीनंतर ओढ तपासताना सपाट, मोकळी जागा निवडावी, आणि शंका राहिल्यास पुढचे दोन टायर अदलाबदल करून ओढीची बाजू बदलते का ते पाहावे. बदलली तर दोष टायरचा.

आरटीओच्या प्रश्नाचे उत्तर गैरसोयीचे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात ते ठामपणे सांगितले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपघातानंतर विमा कंपनीही या बदलाकडे बोट दाखवू शकते.

प्रश्न : लष्कराच्या लिलावातून आलेली जुनी जिप्सी घेतली. आधीच्या मालकाने पुढे लांब शॅकल (पाट्यांच्या स्प्रिंगा चासीला जोडणाऱ्या झुलत्या कड्या) लावले आहेत. ताशी 60 च्या आसपास एखादा खड्डा लागला की पुढची चाके थडथडू लागतात आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय थरथर थांबत नाही. मेकॅनिक स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा शॉक) लावायला सांगतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : डँपर आत्ता लावू नये. तो थरथर दाबून टाकेल आणि तिचे कारण आत झिजत राहील, मग एखाद्या दिवशी ते जास्त वेगात उघडे पडेल. इंजिन बंद ठेवून, चाके जमिनीवर असताना, एका माणसाने स्टिअरिंग दोन्ही बाजूंना झटके देत हलवावे आणि दुसऱ्याने गाडीखाली वाकून प्रत्येक जोडावर बोट ठेवावे : टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, स्टिअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट, पाट्यांचे बुश. दोन भागांमध्ये हालचाल जाणवली की तो जोड बदलायचा. त्यात काही सापडले नाही तर किंगपिन बेअरिंग, म्हणजे ज्यावर पुढचे चाक डावी-उजवीकडे वळते ते, पाहावे. जिप्सीत या बेअरिंगवर ठरावीक ताण असावा लागतो. टाय रॉड सोडवून, चाक उतरवून, वळणाऱ्या भागाला स्प्रिंग काटा लावून ओढले की तो कळतो आणि शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून जुळवता येतो. जुन्या जिप्सींमध्ये इथेच दोष निघण्याचा संभव मोठा. टायरचे बॅलन्सिंगही करून घ्यावे, विशेषतः टायर मूळ मापापेक्षा मोठे असतील तर.

लांब शॅकलचा प्रश्न याहून वेगळा आहे, पण तो सोडून चालणार नाही. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाट्याचे पुढचे टोक खाली जाते, अॅक्सल पुढे फिरतो आणि कॅस्टर घटतो. शॅकल मागे असता तर परिणाम उलट झाला असता. सर्वांत सरळ उपाय मूळ लांबीचे शॅकल परत लावण्याचा. उंची ठेवायचीच असेल तर पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचर घालतात. जिप्सीत मूळ रचनेप्रमाणे पाटे अॅक्सलच्या खाली असतात, त्यामुळे पाचरेची जाड बाजू पुढे यायला हवी. कोणी पाटे अॅक्सलच्या वर घेतले असतील तर जाड बाजू मागे. या एका गोष्टीत गफलत होऊन कॅस्टर आणखी घटलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पाचर अॅल्युमिनियमची घेऊ नये, ती दाबाने चुरते आणि यू-बोल्ट ढिले पडतात. पाचर घातल्यावर पाटा जोडणारा मधला बोल्ट लांब लागतो, आणि यू-बोल्ट 100 किलोमीटर धावल्यावर एकदा पुन्हा आवळून घ्यावेत.