कडा जुळवायचं शब्दकोडं घरी बनवायचंय. 9 चौकोनांना किती जोड्या लागतील?

3×3 मांडणीच्या 9 चौकोनांना, शेजारच्या कडांवर जुळणाऱ्या शोधसूत्र-उत्तराच्या 12 जोड्या लागतात: आडव्या 6, उभ्या 6, 4×4 केलंत तर 24. सोलापुरात शिकवणीच्या मुलांसाठी मी असे संच बनवते, त्यावरून सांगते: आधी अख्ख्या पुठ्ठ्यावर चौकटी आखा, आतल्या प्रत्येक रेघेच्या एका अंगाला शोधसूत्र, दुसऱ्या अंगाला उत्तर लिहा आणि मगच कापा. खरी मेहनत शोधसूत्रांवर घ्या. ‘सोलापूरची प्रसिद्ध’ याला चादरही चालते आणि शेंगाचटणीही. मग तुकडा दोन ठिकाणी बसतो नि मुलं हिरमुसतात. ‘मागावर विणतात’, ‘कडक भाकरीसोबत खातात’ असं नेमकं लिहा. बाहेरच्या 12 कडा लहानांसाठी कोऱ्या ठेवा. मोठ्यांसाठी मात्र तिथे जोडीदार नसलेले शब्द टाका, नाहीतर कोपरे लगेच ओळखू येतात.