सेखोंबद्दल बोलणार आहेस तर

प्रिय बाळा,

१४ डिसेंबरला हवाई दलातले लढाऊ वैमानिक निर्मलजीत सिंग सेखों यांच्यावर भाषण करणार आहेस हे वाचून फार बरं वाटलं. पण तुझ्या कच्च्या लिखाणात पहिल्या पाच ओळींत शूर, धाडसी, अमर, तेजस्वी सगळं येऊन गेलंय आणि माणूस मात्र अजून आलेलाच नाही.

त्यापेक्षा श्रीनगरपासून सुरू कर ना. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे तिथे लढाऊ विमानं ठेवलेलीच नव्हती, १९७१ चं युद्ध पेटल्यावर सेखोंच्या १८ नंबरच्या स्क्वाड्रनची नॅट ही छोटी लढाऊ विमानं तिथे गेली, म्हणजे तो डोंगराळ भाग, ती उंची, काश्मीरची डिसेंबरची थंडी सगळंच या पोरांना नवीन. हे लोकांना माहीतच नसतं, आणि माझ्या मते इथेच त्याची खरी परीक्षा कळते.

मग १४ डिसेंबर १९७१ ची ती सकाळ नीट सांग, घाई करू नकोस. पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमानं श्रीनगरच्या तळावर आली. सेखों रेडिनेस ड्युटीवर, म्हणजे हुकूम येताच उडायला तयार होता, पण पुढचं विमान नुकतंच उडालेलं, त्याची धूळ रनवेवर, लगेच निघता येईना. धूळ खाली बसेपर्यंत शत्रूची विमानं डोक्यावर होती आणि हल्ला सुरू झालेला. टेकऑफ घेणारं विमान तेव्हा सगळ्यात असहाय असतं, स्पीड नाही, उंची नाही, वळायला जागा नाही. थांबला असता तर कोण काय म्हणालं असतं? तरी तो निघाला, आणि उडाल्या उडाल्या दोन सेबरच्या मागे लागला. तुझ्या भाषणातली निम्मी मिनिटं इथेच जाऊ देत.

एक दुरुस्ती कर. तू "दोन विमानं पाडली" लिहिलंयस. परमवीर चक्राच्या सन्मानपत्रात दोन विमानांचं नुकसान केलं असं आहे, तेवढंच म्हण. झाडांच्या शेंड्यांएवढ्या उंचीवर, इतक्या जणांशी एकटा लढणाऱ्या माणसाला आपण वाढवून दिलेल्या आकड्यांची गरज नाही रे, उलट कुणी एक आकडा खोटा ठरवला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेतली जाते.

आणि मृत्यू उगाच सजवू नकोस. विमान श्रीनगरजवळच्या दरीत कोसळलं, अवशेष सापडले, मृतदेह कधीच मिळाला नाही. एवढं सांगून क्षणभर थांब. एअरफोर्सला मिळालेलं ते आजवरचं एकमेव परमवीर चक्र, हे त्यानंतर सांग. लुधियानाजवळचं इस्सेवाल हे त्याचं गाव, वडीलही हवाई दलातलेच, आणि सोबतचे त्याला "ब्रदर" म्हणायचे कारण तो स्वतः सगळ्यांना तशीच हाक मारायचा, हे तर मला तुझ्या भाषणात हवंच आहे.

त्याच्याविरुद्ध त्या दिवशी उडालेल्या पाकिस्तानी पायलटांपैकी सलीम बेग मिर्झा यांनी नंतर त्याच्या लढण्याचं कौतुक लिहिलंय, तेही घे. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

नवीन ड्राफ्ट झाला की पाठव, तारखा आणि नावं मी बघून देईन.

तुझा,
काका